गिअरबॉक्स उघडायला निघाले होते, दोष निघाला पायाजवळ! : टूरिंग बाइक, चौदा महिन्यांनंतर

इंजिन, सीट, सामान वाहण्याची ताकद यावर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त गिअरबद्दल लिहितोय, कारण गेले तीन महिने माझं डोकं तिथेच अडकलं होतं.

दोन्ही बॉक्स भरलेले, मागे बायको, ट्रकला ओव्हरटेक करताना चौथ्यावरून पाचवा टाकला आणि पडलाच नाही. इंजिन किंचाळलं, ओढ शून्य. फॉल्स न्यूट्रल, म्हणजे गिअर दोन गिअरांच्या मध्येच अडकून गाडी न्यूट्रलसारखी मोकळी होणं, तेही ट्रकच्या अगदी बाजूला. पोटात गोळा आला. त्यानंतर हे वारंवार व्हायला लागलं. शिवाय इंजिन तापलं की सिग्नलला न्यूट्रल सापडेना आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना गिअर लिव्हर दगडासारखा.

सर्व्हिस सेंटरने पाच मिनिटं गाडी फिरवली आणि सांगितलं, "शिफ्ट फोर्क (गिअरबॉक्समध्ये गिअर सरकवणारा काटा) वाकलाय, इंजिन खोलावं लागेल." न खोलता वाकलेला दिसला कसा, या प्रश्नाला उत्तर नाही. एवढा मोठा खर्च असा अंदाजावर करायला मी तयार नव्हतो. गाडी घरी आणली.

आधी संशय ऑइलवर. जासो एमए२ ग्रेडचं (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा), मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीचं नवीन ऑइल भरलं. पहिले दोन दिवस गिअर लोण्यासारखे पडले आणि मी मित्रांना सांगूनही टाकलं की ऑइलच होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग क्लच. सपाट रस्त्यावर पहिला टाकून, क्लच पूर्ण दाबून थोडा ॲक्सिलरेटर दिला तर गाडी हळूच पुढे सरकायला लागली. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता. केबल ढिली होती. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिमी प्ले (केबल ताणायला लागण्याआधीची मोकळी हालचाल) असावा, माझ्याकडे जवळजवळ ३० होता. ॲडजस्ट केल्याबरोबर न्यूट्रल सापडायला लागलं, पहिलाही सहज पडायला लागला. त्यामुळे माझं मत पुन्हा बदललं. पण चौथा-पाचवा तसाच! दोन दोष एकमेकांत मिसळले होते आणि मी एकच शोधत होतो.

शेवटी सेंटर स्टँडवर घेतली. इंजिन बंद, एका हाताने मागचं चाक पुढे-मागे हलवत दुसऱ्या हाताने गिअर टाकले. इंजिनमधून बाहेर आलेल्या शाफ्टवरचा आर्म थेट हाताने फिरवला तर सगळे गिअर खटाखट पडले. पायाच्या लिव्हरने टाकले तर पाचवा अर्धवट. लिव्हर जवळजवळ बोटभर वर गेल्यावरच आर्म हलायला सुरुवात होत होती.

पायाचा लिव्हर त्या आर्मला जोडणाऱ्या लिंकेज रॉडच्या टोकाच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलं होतं, आत ग्रीसऐवजी वाळलेला चिखल. लिव्हर ज्यावर फिरतो त्या पिव्होटचा बुशही कोरडा आणि झिजलेला. जागाच अशी की पुढच्या चाकाचा सगळा चिखल तिथे उडतो. वर प्रत्येक सर्व्हिसला प्रेशर वॉश मारून उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढलेलं. पायाची अर्धी हालचाल या ढिलेपणातच जात होती, त्यामुळे शिफ्ट ड्रम (आतले फोर्क सरकवणारा दंडगोल) पूर्ण फिरत नव्हता आणि दोन गिअरांच्या मध्येच थांबत होता.

दोन्ही जॉइंट आणि बुश बदलले, तासाभराचं काम. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, तो लॉकनट सरळ समजून जोर लावला तर आटे जातील. रॉड काढण्याआधी त्याची लांबी मोजून ठेवा आणि आर्म शाफ्टच्या कुठल्या दात्यावर बसलाय तिथे खूण करा, नाहीतर लिव्हरची उंची बिघडते.

गिअर पडल्यावर लोड येताच आपोआप सुटत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे गिअरचे डॉग (दोन गिअर एकमेकांत अडकवून ठेवणारे दाते) घासलेले असू शकतात आणि इंजिन उघडावंच लागतं. माझा एकदा पडलेला गिअर कधीच सुटला नव्हता. हे सर्व्हिस सेंटरवाल्यांना विचारावंसंही वाटलं नाही, याचा मला अजून राग आहे.

आता सहा हजार किलोमीटर झाले, फॉल्स न्यूट्रल एकदाही नाही. सकाळी थंड इंजिनवर पहिला टाकताना 'ठक्' होतं, पण ऑइल थंड असताना क्लच प्लेट थोड्या चिकटतात, त्याची काळजी करत नाही. मागच्या सर्व्हिसला जॉब कार्डवर माझ्यासमोर लिहून घेतलं : गिअर लिंकेजवर प्रेशर वॉश नको, जॉइंट पुसून ग्रीस करणे. गाडी घेताना खाली बसून बोट लावून पाहिलं. ग्रीस होतं.