'कॅरॅमल' की 'व्हेअर डू वी गो नाऊ?' : नदीन लबाकीचा कोणता सिनेमा आधी बघावा?

लेबनॉनमधल्या बायकांची मैत्री आणि त्यांची प्रेमं यावरचा सिनेमा कुणी विचारला, की दिग्दर्शिका नदीन लबाकीचे दोन सिनेमे हमखास सुचवले जातात. 2007 चा 'कॅरॅमल' आणि 2011 चा 'व्हेअर डू वी गो नाऊ?'. दोन्हींत ती स्वतः मुख्य भूमिकेत आहे, दोन्हींचं संगीत खालेद मुझन्नरचं आहे आणि दोन्हींत पडद्यावर बायकांचा गोतावळा आहे. त्यामुळे कुठलाही लावला तरी चालेल असं वाटतं. तसं नाही. एक संध्याकाळच हाताशी असेल आणि मैत्री-प्रेम हाच विषय हवा असेल, तर 'कॅरॅमल' लावा. चित्रपट मंडळात किंवा कॉलेजात दाखवून नंतर तासभर बोलायचं असेल, तर दुसरा.

'कॅरॅमल' दीड तासाच्या जेमतेम वर जातो. बैरुतमधलं एक ब्युटी पार्लर, तिथे काम करणाऱ्या तिघी, एक नेहमीची गिऱ्हाईक आणि समोर शिवणकाम करणारी एक वयस्क बाई. पार्लरची मालकीण लयाल (लबाकी) ख्रिश्चन आहे आणि एका विवाहित माणसात गुंतली आहे. निसरीन मुसलमान, लग्न तोंडावर आलेलं. पण हा तिचा पहिला संबंध नसणार हे नवऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणून ती कौमार्यपटल शिवून घ्यायच्या शस्त्रक्रियेच्या वाटेला गुपचूप लागते. रीमाचा ओढा बायकांकडे. जमाल चाळिशी ओलांडलेली, जाहिरातींच्या ऑडिशन्स देत फिरणारी, आणि पाळी अजून चालू आहे हे जगाला पटवायला धडपडणारी. रोझ साठी पार केलेली, मन हरवलेल्या थोरल्या बहिणीला, लिलीला, सांभाळणारी. पँट आखूड करून घ्यायला येणारा एक म्हातारा गृहस्थ तिच्या आयुष्यात डोकावतो. सुरुवातीची वीस मिनिटं कोण कोणाची कोण हे लावण्यात जातात, तेवढा धीर धरावा लागतो.

नावातलं कॅरॅमल म्हणजे केस काढायचा साखरेचा पाक. साखर, लिंबाचा रस आणि थोडं पाणी. साधारण दोन वाट्या साखरेला पाव-पाव वाटी रस आणि पाणी धरतात. मंद आचेवर मधाचा रंग आला की उतरवायचा, दगडी ओट्यावर ओतायचा आणि हाताला सोसेल इतका निवला की मळून, ओढून पांढुरका करायचा. आच कमी पडली तर तो नुसता चिकटतो, जास्त झाली तर लिमलेटच्या गोळीसारखा कडक होऊन बसतो. सिनेमा याच पाकाने सुरू होतो, आणि बायका मळता मळता तो तोंडातही टाकतात. पुढे हाच पाक लयालच्या हातात असतो आणि समोर पाय पसरून तिच्या प्रियकराची बायको. पाक किती जोरात ओढला जातो तेवढं पाहा, संवादाची गरज उरत नाही.

लबाकीची खरी ताकद अशा न बोललेल्या जागांत आहे. लयाल पार्लरमध्ये फोनवर प्रियकराशी बोलते आणि समोर बसलेला वाहतूक पोलीस युसेफ काचेपलीकडून तिचे ओठ बघत पलीकडची उत्तरं स्वतःच देतो, जणू ती त्याच्याशीच बोलते आहे. रीमाची सगळी गोष्ट एका लांब केसांच्या गिऱ्हाइकाचे केस धुण्यात येते. तिच्या तोंडी कबुलीचा एक शब्द नाही. हे फक्त नाजूकपणासाठी नाही. लेबनॉनच्या दंडसंहितेतलं कलम 534 'निसर्गविरुद्ध' संबंधांना एक वर्षापर्यंत कैद सांगतं. प्रियकर तर नीट दिसतसुद्धा नाही. गाडीचा हॉर्न वाजतो आणि लयाल धावते. त्याच्या वाढदिवसासाठी खोली हवी तर हॉटेलवाले लग्नाचा पुरावा मागतात. शेवटी ती एका कळकट हॉटेलात खोली मिळवते आणि बाथरूमसकट स्वतः घासून काढते. पुण्या-मुंबईत लॉजच्या काउंटरवर असे प्रश्न झेललेल्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

या सिनेमात मैत्रीमुळे कुणाचंच काही सुटत नाही. मैत्रिणी फक्त सोबत येतात, दवाखान्यात, हॉटेलात, लग्नात. काहींना हे अपुरं वाटतं. आमच्या मते 'कॅरॅमल' याच कारणाने टिकला. चित्रीकरण 2006 च्या जुलैमधल्या इस्रायल-हिजबुल्ला युद्धाच्या काही दिवस आधी संपलं होतं, तरी पडद्यावर युद्धाचा मागमूस नाही. युद्धाचं बैरुत शोधणाऱ्यांनी इकडे येऊ नये.

'व्हेअर डू वी गो नाऊ?' मात्र युद्धापासूनच सुरू होतो. सुरुंगांनी वेढलेलं, बाहेरच्या जगाशी जेमतेम जोडलेलं एक डोंगराळ खेडं. मशीद आणि चर्च शेजारी-शेजारी. काळ्या कपड्यांतल्या बायकांचा जथा छाती बडवत कबरस्तानाकडे येतो आणि तिथे दोन वाटांनी फुटतो. कोण कुठल्या धर्माची हे तेव्हाच टिपून ठेवा, पुढे गोंधळ कमी होतो. बाहेर पेटलेल्या ख्रिश्चन-मुसलमान भांडणाची बातमी गावातल्या पुरुषांपर्यंत पोचू नये म्हणून बायका टीव्ही बिघडवतात, खोटा चमत्कार घडवतात, युक्रेनियन नर्तकी आणतात, खाण्यात चरस घालतात. दंगलींच्या बातम्या वाचत वाढलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. टोरँटो महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार याला मिळाला तो उगाच नाही.

पण प्रेमकथा इथे तोंडी लावण्यापुरती आहे. ख्रिश्चन अमाल आणि मुसलमान रंगारी रबीह यांच्या वाट्याला मनातल्या मनात केलेलं एक नृत्य आणि काही चोरट्या नजरा येतात. लेबनॉनमध्ये 18 मान्यताप्राप्त पंथ आहेत, लग्न-घटस्फोट ज्याच्या-त्याच्या पंथाच्या कायद्याने होतात आणि देशात नोंदणी विवाहाचा कायदा नाही. दोन धर्मांची जोडपी बऱ्याचदा सायप्रसला जाऊन लग्न करतात. या अडचणीला सिनेमा हातच लावत नाही. बायकाही बऱ्याचदा एक जमाव म्हणून वागतात. अपवाद तक्लाचा. मुलगा गमावल्यावर दुसऱ्या मुलाला सूडापासून रोखायला ती काय करते, ते बघताना हसू घशात अडकतं. गाणं, चेष्टा आणि मृत्यू यांतल्या उड्या सगळ्यांनाच पेलत नाहीत. मध्येच कोणी उठून जाणार असेल, तर इथेच जाईल.

उघडं दृश्य दोन्हींत जवळपास नाही. तरी घरच्या मोठ्यांसोबत बघताना 'कॅरॅमल'मधला शस्त्रक्रियेचा धागा अवघडून टाकू शकतो. दुसऱ्यात विनोद जास्त मोकळा आहे, मात्र पोरवयातला मृत्यूही आहे.

सबटायटल्स वाचत बघणार असाल तर 'कॅरॅमल'मध्ये कान उघडे ठेवा. पात्रं अरबीतून फ्रेंचमध्ये सहज घसरतात आणि खालच्या ओळीत दोन्ही सारख्याच दिसतात. निसरीन दवाखान्यात फ्रेंच नाव सांगते, त्यातली प्रतिष्ठेची आणि लपण्याची सोय वाचून कळत नाही, ऐकूनच कळते.

दोन्ही पाहून झाले असतील तर 2021 चा 'मेमरी बॉक्स' घ्या. माँट्रियलमध्ये राहणाऱ्या माया नावाच्या बाईकडे एक खोकं येतं. त्यात तिने ऐंशीच्या दशकात बैरुतहून पॅरिसच्या मैत्रिणीला पाठवलेल्या वह्या, कॅसेट आणि फोटो असतात, आणि तिची मुलगी ते चोरून उघडते. मैत्री आणि युद्ध एकत्र हवं असेल, तर आधीच्या दोन्हींपेक्षा हाच बरा.