कोड, प्रकारनाम की टीप: पुस्तक कोणत्या प्रकारचं, हे नोंदीत कुठे लिहायचं?

नागपुरातल्या एका जुन्या ग्रंथालयाची कार्डांवरची तालिका कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत उतरवायचं काम मी करतो. लेखक, विषय, वर्गांक यांवर सहसा कुणी अडत नाही. अडतं ते इथे: हातातलं पुस्तक शब्दकोश आहे, प्रबंध आहे की ग्रंथसूची, हे सांगायचं कुठे? मार्क 21 मध्ये, म्हणजे अशा नोंदींच्या ठरलेल्या साच्यात, प्रत्येक रकान्याला तीन आकडी क्रमांक असतो, आणि यासाठी तीन जागा आहेत: 008 मधले कोड, 655 मधलं प्रकारनाम (प्रकाराचं शब्दांत लिहिलेलं नाव) आणि 5 ने सुरू होणाऱ्या टिपा. तिन्ही भरायला वेळ असेल तर उत्तमच, पण आपल्याकडे तो बहुधा नसतो.

008 म्हणजे 40 अक्षरांची पट्टी, 00 ते 39. पुस्तकांसाठी त्यातली 24 ते 27 ही चार घरं आशयाच्या स्वरूपाची. शब्दकोशाला ‘डी’, विश्वकोशाला ‘ई’, प्रबंधाला ‘एम’, आकडेवारीला ‘एस’. परवा एक पीएचडीचा प्रबंध आला, मागे भलीमोठी संदर्भसूची. पहिल्या घरात सूचीचा ‘बी’, दुसऱ्यात ‘एम’, पुढची दोन रिकामी. क्रम इंग्रजी वर्णमालेचा, महत्त्वाचा नव्हे. आणि रिकामं घर हेही एक विधान आहे: ‘खास असं काही नाही’. पुस्तक न उघडता नुसत्या कार्डावरून नोंद करत असाल, तर चारही घरांत उभी रेघ द्या. तिचा अर्थ ‘कोड द्यायचा प्रयत्न केलेला नाही’. हा भेद मी सुरुवातीला पाळला नाही आणि नंतर कितीतरी नोंदी पुन्हा उघडाव्या लागल्या.

कोडाला शुद्धलेखन नसतं, हा त्याचा मोठा गुण. आमच्या कार्डांवर कुणी ‘शब्दकोश’ लिहिलंय, कुणी ‘शब्दकोष’. शब्दाने शोधलं तर काही निसटतात, ‘डी’ने शोधलं तर कोड दिलेले सगळे येतात. कोहाच्या प्रगत शोधात आशयानुसार गाळणी लावता येते, ती याच घरांवर चालते.

पण ‘बी’वर माझा भरवसा नाही. एक विद्यार्थिनी आली होती, “सर, मराठी पुस्तकांच्या सगळ्या सूची काढून देता का?” ‘बी’ लावला, तर पडदा भरून समीक्षाग्रंथ. कारण पुस्तकाच्या शेवटची यादी नोंदीत दखल घेण्याइतकी असेल तरी हा कोड देता येतो, आणि बाहेरून उतरवून घेतलेल्या नोंदींत तो सढळ हाताने दिलेला असतो. तिला हवी होती शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीसारखी पुस्तकं, म्हणजे मुळातच सूची असलेली. तिथे 655 मधलं ‘ग्रंथसूची’ हे प्रकारनामच कामी येतं.

गॅझेटियरचंही तसंच. मार्क त्याला ‘डी’त घालतं, कारण तिथे गॅझेटियर म्हणजे स्थळनामांचा कोश. आपल्याकडचं जिल्हा गॅझेटियर, उदाहरणार्थ रसेल यांनी संपादित केलेलं 1908 चं नागपूरचं, शेती, लोक, इतिहास सगळं सांगणारा वर्णनग्रंथ आहे. त्याला शब्दकोशांच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. मी 655 मध्ये ‘गॅझेटियर’ लिहितो. दिवाळी अंकाला तर कोडच नाही. वाचक मात्र नेमका तोच शब्द घेऊन येतो. अट एवढीच की प्रकारनामांची एक यादी ठरवून भिंतीवर लावा, नाहीतर ‘दिवाळी अंक’ आणि ‘दिवाळीअंक’ असे दोन ढीग होतात.

गौरवग्रंथ आणि चरित्र या चार घरांत शोधू नका. त्यांची घरं पुढे आहेत, 30 आणि 34.

टिपा माणसाने वाचायच्या. 502 मध्ये प्रबंधाची पदवी, विद्यापीठ, वर्ष. 504 मध्ये संदर्भसूचीची पानं. नोंद उघडल्यावर त्या फार उपयोगी, पण हजार नोंदींतून प्रबंध वेगळे काढायला कुचकामी.

त्यामुळे हाताशी एकच माणूस असेल तर मी म्हणेन: संदर्भ विभाग आणि प्रबंध यांचे कोड आधी भरा, ‘बी’ सोडून. सूची, गॅझेटियर, दिवाळी अंक यांना 655. प्रबंधांना 502 लगेच द्या, 504 सवडीने. आणि सुरुवात कोशांच्या कपाटापासून करा, कारण तिथे मुखपृष्ठ पाहिलं तरी कोड ठरतो.