पीव्हीसीचा पूर्णाकृती सापळा: ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये वर्षभर वापरल्यावर

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रासाठी हा सापळा जूनमध्ये घेतला. आता परीक्षा संपल्या, म्हणून सवडीने लिहितोय.

उंची साधारण साडेपाच फूट, चाकांचा स्टँड भक्कम. शेवटच्या बाकावरूनही बरगड्या मोजता येतात, आणि त्या मोजायला लावाव्यात: सात जोड्या छातीच्या मधल्या हाडाला थेट, तीन आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटलेल्या, दोन मोकळ्या. मानेचे सात मणके दाखवून जिराफालाही सातच असतात म्हटलं, की झोपाळू वर्गसुद्धा जागा होतो.

आता खोड्या. सगळ्यात वाईट म्हणजे रेडियस आणि अल्ना, म्हणजे कोपर ते मनगट ही दोन हाडं, तारेने एकत्र आवळलेली. हात पालथा करताना रेडियस अल्नावरून आडवं जातं, ती गंमत इथे दिसतच नाही. मी तार कापून इलॅस्टिक लावलं, आता छान फिरतं. गुडघ्याची वाटी फीमरलाच (मांडीच्या हाडाला) डकवली आहे, त्यामुळे गुडघा वाकवला की ती मांडीवरच राहते. खोक्यावर ‘206 हाडे’ छापलंय, पण कानातली सहा नाहीत आणि जिभेखालचं हायॉइडही नाही. हायॉइडचं समजू शकतो, ते कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, टांगणार कशाला? दिवाळीनंतर खुब्याचा स्क्रू ढिला झाला, सायकलवाल्याकडचा वॉशर घालून भागलं.

पण खरी उणीव कुठल्याही प्लास्टिकच्या सापळ्यात असणारच. मुलांना वाटतं, हाड म्हणजे कोरडी पांढरी काठी. म्हणून सोबत मटणवाल्याकडून बोकडाच्या मांडीची नळी उभी चिरून आणतो. बाहेर घट्ट थर, टोकांशी जाळी, पोकळीत मज्जा. जाळीतल्या बारीक पट्ट्या उगाच कशाही नसतात, भार जिकडून जातो त्या दिशेने त्या रचलेल्या असतात. कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरमध्ये ठेवायचं, मधेमधे व्हिनेगर बदलायचं. कॅल्शियमचे क्षार विरघळतात, कोलॅजन (हाडातलं चिवट प्रथिन) उरतं आणि हाड रबरासारखं वाकतं. दुसरं जाळलं की कोलॅजन जातं, मग बोटाने दाबलं तरी चुरा. (खिडक्या उघड्या ठेवा, वास भयंकर येतो.)

बोकडाच्या पुढच्या पायातलं खुराच्या वरचं लांब हाड सापळ्याच्या तळहाताशी धरून दाखवा. आपली मधल्या बोटाची आणि अनामिकेची तळहातातली हाडं जुळून एक झाली, तर असं दिसेल. मागच्या पायाचा जो ‘उलटा गुडघा’ वाटतो, ती टाच. आणि बोकडाला कॉलरबोन नसतेच; पुढचा पाय धडाला निव्वळ स्नायूंनी बांधलेला. ही तुलना सापळा शेजारी असल्याशिवाय जमत नाही, तेवढ्यासाठी तरी पैसे वसूल.

पाचपैकी साडेतीन. मागवण्याआधी विक्रेत्याकडून मनगट फिरवतानाचा व्हिडिओ मागून घ्या. ते फिरत नसेल तर हजारभर जास्त देऊन वरचं मॉडेल बघा.