पॅकेजचे पैसे आगाऊ, तास मात्र उधार: अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर शाळांत विद्यार्थी कुठे नाडले जातात

अमेरिकेत हेलिकॉप्टर शिकायला जाणाऱ्याला बोगस शाळा क्वचितच गाठते. जी गाठते तिच्याकडे हँगर असतो, रॉबिन्सन कंपनीची दोन-तीन छोटी हेलिकॉप्टर उभी असतात, विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म द्यायचा अधिकार असतो आणि पहिले दोन महिने उड्डाणंही रीतसर होतात. पैसे बुडतात ते त्यानंतर. तक्रार करायला जावं, तर शाळा करारातल्याच एखाद्या कलमावर बोट ठेवते.

मूळ दुखणं आगाऊ भरलेल्या रकमेचं. शाळा म्हणते, "पूर्ण पॅकेज एकदम भरलंत तर दहा टक्के सूट." ६०,००० डॉलरच्या पॅकेजवर ६,००० वाचतात हे खरं, पण त्यासाठी ५४,००० डॉलर अशा कंपनीच्या खात्यात जातात जिची निम्मी हेलिकॉप्टर भाड्याची असू शकतात. न उडालेल्या तासांचे पैसे म्हणजे तुम्ही शाळेला दिलेलं बिनतारण, बिनव्याजी कर्ज. आधीच्या विद्यार्थ्यांची थकलेली उड्डाणं नव्या विद्यार्थ्यांच्या पैशातून भागवली जातात आणि प्रवेश आटले की एके दिवशी इंधनालाही पैसे उरत नाहीत.

हे कुठवर जाऊ शकतं ते नेवाडातल्या सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स या शाळेने दाखवून दिलं. देशभर शाखा असलेली ही शाळा ३ फेब्रुवारी २००८ रोजी, रविवारी, अचानक बंद झाली आणि तिने चॅप्टर ७ (अमेरिकी दिवाळखोरी कायद्यातली कंपनी गुंडाळायची तरतूद) खाली दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे अडीच हजार विद्यार्थी अर्धवट प्रशिक्षणात अडकले. फी ७०,००० डॉलरच्या आसपास होती आणि बऱ्याच जणांनी ती कर्ज काढून एकरकमी भरली होती. उड्डाणं थांबली, कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. चॅप्टर ७ मध्ये कंपनीची मालमत्ता विकून आधी तारण असलेल्या सावकारांची देणी भागवतात. ग्राहकाच्या आगाऊ रकमेला कायद्याने थोडा अग्रक्रम आहे, पण तो काही हजार डॉलरपुरताच. उरलेल्या रकमेसाठी विद्यार्थी रांगेच्या शेपटाला उभा राहतो.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात याबाबत एक मोजपट्टी आहे. विद्यार्थ्याला कर्जाच्या करारात न अडकवणाऱ्या आणि २,५०० डॉलरपेक्षा जास्त आगाऊ रक्कम न घेणाऱ्या उड्डाण शाळांना खासगी शिक्षणसंस्थांवरच्या राज्याच्या देखरेखीतून सूट मिळते. हाच आकडा कुठल्याही राज्यात स्वतःसाठी पाळा. खात्यात एका वेळी पाच-सहा तासांपुरतेच पैसे ठेवा, संपत आले की पुन्हा भरा. व्हिसासाठी आर्थिक क्षमता दाखवावी लागते ती स्वतःच्या किंवा पालकांच्या बँक खात्यातली. ती रक्कम शाळेकडे जमा करावीच लागते, असं कोणी सांगत असेल तर तो फक्त त्या शाळेचा नियम आहे.

आता मीटर. हेलिकॉप्टरचे तास मोजणारा हॉब्स मीटर दोन प्रकारे जोडलेला असतो. एक ऑइल प्रेशरवर चालतो, म्हणजे इंजिन सुरू झालं की आकडा पळू लागतो. दुसरा कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर नेणारा दांडा, उचलल्यावरच सुरू होतो. आर-२२ मध्ये, म्हणजे रॉबिन्सनच्या दोन आसनी हेलिकॉप्टरमध्ये, इंजिन चालू केल्यावर क्लच टाकायचा, रोटरला शक्ती देणारे पट्टे ताणले जाऊन क्लचचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, तेल आणि सिलिंडर हेडचं तापमान हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत वॉर्म-अप, मग मॅग्नेटोची (इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची) तपासणी. उतरल्यावर परत इंजिन थंड होऊ द्यायचं. यात प्रत्येक उड्डाणाला सहज १० ते १२ मिनिटं जातात, म्हणजे मीटरवर ०.२ तास. शाळेच्या पत्रकात दर सांगितलेला असतो कलेक्टिव्हच्या मीटरवर आणि बिल लागतं इंजिनच्या मीटरवर. उदाहरणादाखल तासाला ४०० डॉलर दर धरू. १.२ तासाचं एक उड्डाण, १५० तासांसाठी अशी १२५ उड्डाणं. प्रत्येकी ०.२ म्हणजे २५ तास जास्तीचे, १०,००० डॉलर. आणि हे २५ तास लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या तासांच्या नोंदवहीत, येतही नाहीत, कारण अमेरिकी व्याख्येत उड्डाणाचा वेळ हेलिकॉप्टर उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीने हलल्यापासून धरतात. (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची व्याख्या रोटर फिरू लागल्यापासून तो थांबेपर्यंत मोजते. मायदेशी परवाना बदलून घेणाऱ्याने तिथलं प्राधिकरण कुठला वेळ मोजतं ते आधी पाहावं.)

इंजिनच्या मीटरवर बिल लावणं बेकायदा नाही, कित्येक चांगल्या शाळाही तसंच लावतात. बिल कुठल्या मीटरवर लागणार, ते मात्र करारात लिहून घ्या. उड्डाणाआधी आणि नंतर मीटरचा फोटो काढा. वहीत तारीख, हेलिकॉप्टरचा नोंदणी क्रमांक, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, इन्स्ट्रक्टरचं नाव, जमिनीवरच्या शिकवणीची मिनिटं आणि खात्यातली शिल्लक लिहा. दर शुक्रवारी शाळेच्या हिशेबाशी ताळा घाला. जमिनीवरच्या शिकवणीत घोळ जास्त होतो. उड्डाणाआधीच्या दहा मिनिटांच्या गप्पांचा अर्धा तास लावलेला दिसतो.

वजनाचा सापळा पोहोचल्यावर उघडतो. आर-२२ च्या आसनाची मर्यादा २४० पौंड, म्हणजे १०९ किलो. विद्यार्थ्याला वाटतं, आपण १०० किलोचे, बसतो. पण कमाल एकूण वजन १,३७० पौंड आहे. रिकामं हेलिकॉप्टर ८९० पौंडांच्या आसपास धरलं तर उरतात ४८०. विद्यार्थी २२० पौंड, इन्स्ट्रक्टर २००, मग इंधनाला ६० पौंड, म्हणजे जेमतेम १० गॅलन. त्यावर क्रॉस-कंट्री (दूरच्या ठिकाणापर्यंतचं उड्डाण) होत नाही आणि उन्हाळ्याच्या दुपारी हॉव्हर करतानाच, म्हणजे जागच्या जागी तरंगतानाच, शक्ती कमी पडते. मग शाळा म्हणते, "तुम्हाला आर-४४ घ्यावं लागेल," आणि या मोठ्या, चार आसनी हेलिकॉप्टरचा दर दीडपटीच्या वर जातो. पैसे भरण्याआधी आपलं वजन ईमेलने कळवा आणि 'या वजनाला याच हेलिकॉप्टरवर, याच दराने पूर्ण कोर्स होईल' असं उत्तर लेखी मागवा. गोलमाल उत्तर आलं तर समजून जा.

त्याचा जोडभाऊ असा की, आर-२२ दुरुस्तीत आहे तोवर आर-४४ मध्ये बसा. ज्याच्या परवान्यावर अजून हेलिकॉप्टरचं रेटिंग नाही त्याला आर-२२ मध्ये सोलो (एकट्याने उड्डाण) करण्याआधी त्याच प्रकारात २० तास ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत, लागतात. म्हणजे मधले महागडे तास त्या विसात धरले जात नाहीत. आर-२२ चा ओव्हरहॉल (यंत्र पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) २,२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी येतो आणि तेव्हा यंत्र काही महिने जागेवर नसतं. शाळेकडे दोनच आर-२२ असतील तर प्रत्येकाचे किती तास उरलेत हे विचारायला लाजू नका.

पॅकेजच्या आकड्यात आणखी एक मेख असते. प्रायव्हेट (खासगी वैमानिक) परवान्यासाठी किमान ४० तास, कमर्शियल (व्यावसायिक) परवान्यासाठी एकूण १५०. पत्रक या किमान आकड्यांवर बेतलेलं असतं. प्रत्यक्षात ४० तासांत प्रायव्हेट होणारे थोडे, ६०-७० लागणं नेहमीचं. त्याहून महाग पडतो तो पुढचा टप्पा. "कोर्स झाला की इथेच इन्स्ट्रक्टर व्हा" हे आमिष १५० तासांच्या पॅकेजवर विकलं जातं, पण रॉबिन्सनवर शिकवायला हेलिकॉप्टरचे २०० तास लागतात, त्यातले ५० त्या प्रकारातले. मधले ५० तास पॅकेजमध्ये नाहीत, वर ४०० च्या दराने २०,००० डॉलर. परीक्षकाची फी, चेकराइडचं, म्हणजे उड्डाण परीक्षेचं, हेलिकॉप्टर, नापास झाल्यास फेरपरीक्षा, हेही बहुधा वेगळंच. तास स्वस्तात वाढवायला दोघांना एकत्र उडवून दोघांच्याही लॉगबुकात तेच तास लिहायची पद्धत आहे. अमेरिकी नियमांत एकजण हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) घालून आणि दुसरा बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट म्हणून बसला तर ते ठरावीक अटींवर चालतं. मायदेशी ते चालेल का, हे तिथल्या प्राधिकरणाला लेखी विचारल्याशिवाय असे तास विकत घेऊ नका.

व्हिसाची गाठ सगळ्यात घट्ट. बहुतेक उड्डाण शाळा एम-१, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी कागद देतात. एम-१ वर शिकताना नोकरी नाही. कोर्सनंतरचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने. वर्षभर शिकलात तर तीन महिने इन्स्ट्रक्टर. तेवढ्यात वैमानिकाच्या पुढच्या नोकरीसाठी साधारण मागितले जाणारे १,००० तास भरत नाहीत, कोणी कितीही हसून सांगो. एम-१ चं एफ-१ (विद्यापीठीन शिक्षणाचा विद्यार्थी व्हिसा) करता येत नाही. शाळा बदलायची मुभा पहिल्या सहा महिन्यांतच, त्यानंतर फक्त विद्यार्थ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने. कुरबुरी सुरू होतात त्या बरोबर सातव्या-आठव्या महिन्यात, तो योगायोग समजू नका. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली तुमची नोंद शाळेच्या अधिकाऱ्याच्या हातात असते आणि "रेकॉर्ड बंद करू" ही धमकी हिशेबाच्या भांडणात हमखास येते. म्हणून पाचव्या महिन्याच्या आत निकाल लावा. ठरलेल्या तासांपैकी निम्मेही झाले नसतील आणि दर खेपेला हवामान, सुटे भाग, इन्स्ट्रक्टर असं नवं कारण पुढे येत असेल, तर दुसऱ्या शाळेशी बोलणी सुरू करा.

घरबसल्या तपासण्यासारखं बरंच आहे. शाळा सेव्हिपकडे (परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या शाळांना मान्यता देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) प्रमाणित आहे का, ते अमेरिकी सरकारच्या यादीत दिसतं, पण ते प्रमाणपत्र व्हिसापुरतं, शाळेच्या तिजोरीबद्दल ते काही सांगत नाही. शाळेच्या फोटोंत हेलिकॉप्टरच्या शेपटीवरचा 'एन'ने सुरू होणारा क्रमांक वाचा आणि एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या नोंदणीत टाका. मालक कोण, नोंदणी चालू आहे का, हे कळतं. तोच क्रमांक विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाकला की गेल्या महिन्यात ते यंत्र किती वेळा उडालं ते दिसतं. पाच हेलिकॉप्टरची जाहिरात आणि उडतं एकच, असे प्रकार इथे उघडे पडतात. हा माग देणारा ट्रान्समीटर सगळीकडे सक्तीचा नाही, म्हणून एखादं यंत्र दिसलं नाही एवढ्यावरून शाळेला खोटं ठरवू नका, तिलाच विचारा. राज्याच्या कंपनी नोंदणीत स्थापनेचं वर्षही बघा. 'वीस वर्षांची परंपरा' सांगणारी कंपनी गेल्या वर्षीच नोंदलेली निघू शकते. आणि शाळेने दिलेल्या नावांऐवजी गेल्या वर्षी सोडून गेलेल्या इन्स्ट्रक्टरशी बोला. त्यांना पगार उडालेल्या तासांवर असतो, त्यामुळे बुडणारी शाळा आधी त्यांनाच कळते.

पैसे अडकलेच तर आधी नवीन पैसे भरणं थांबवा. मग न उडालेल्या तासांच्या परताव्याची मागणी ईमेलने करा, सोबत वहीचा ताळेबंद आणि उत्तरासाठी तारीख द्या. कार्डाने भरलेले असतील तर मिळालेली नाही त्या सेवेचा दावा बँकेकडे ताबडतोब टाका, मुदती कडक असतात. वायरने (थेट बँक हस्तांतरणाने) पाठवलेले पैसे बँक सहसा परत आणू शकत नाही, म्हणून पहिल्यापासून कार्ड. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार द्या. एफएए बिलाच्या वादात पडत नाही, पण खोटे तास लिहिणं किंवा तपासणी चुकवणं ही तिची बाब आहे. शाळा पार्ट १४१ ची, म्हणजे त्या नियमाखाली एफएएने प्रमाणित केलेली, असेल तर तुमच्या प्रशिक्षणाच्या नोंदीची प्रत मागितल्यावर देणं तिच्यावर बंधनकारक आहे. ती प्रत शाळा उघडी असतानाच घ्या आणि लॉगबुकाचं प्रत्येक पान, इन्स्ट्रक्टरच्या सही आणि प्रमाणपत्र क्रमांकासकट, स्कॅन करून ठेवा. पुढची शाळा तुमचे तास मान्य करते ती त्या सह्यांवर, पावत्यांवर नाही.