एन्शंट डेब्री: पिकॅक्स, बेड आणि टीएनटी, तिन्ही वापरून झाल्यावर

माइनक्राफ्ट या ब्लॉकच्या खेळात नेदराइट, म्हणजे हिऱ्याच्याही वरचा धातू, आलं २०२० साली, १.१६ आवृत्तीत. त्यासाठी लागणारी एन्शंट डेब्री (खेळातल्या नेदर या लाव्हाच्या जगात पुरलेला दुर्मिळ ब्लॉक) काढायच्या तिन्ही रूढ पद्धती जावा आवृत्तीच्या सर्व्हायव्हलमध्ये काही महिने वापरून झाल्यावर मत पक्कं झालंय: हत्यारापेक्षा उंची महत्त्वाची. उंची चुकली की सगळी मेहनत पाण्यात.

उंची म्हणजे वाय १५ (वाय हा खेळातला उंचीचा आकडा). डेब्रीचा मोठा गट १ ते ३ ब्लॉकचा असतो. तो वाय ८ ते २२ मध्येच तयार होतो आणि मधल्या थरात सर्वांत दाट सापडतो. दुसरा, १-२ ब्लॉकचा गट ८ ते ११९ मध्ये कुठेही विखुरलेला असतो, त्याच्या मागे लागू नये. दोन्ही मिळून चंकमागे (१६ बाय १६ ब्लॉकचा उभा तुकडा) सरासरी दीड-पावणेदोन ब्लॉक पडतात. डेब्री हवेला लागून तयारच होत नाही, म्हणून गुहा धुंडाळून काही हाती लागत नाही, खोदावंच लागतं. एफ३ दाबून वाय बघत राहा आणि पोर्टलचे (नेदरमधून परतायच्या दाराचे) आकडे आधी लिहून ठेवा. चार स्फोटांनंतर सगळीकडे सारखंच लाल दिसतं आणि परतीची दिशा हरवते.

नुसत्या पिकॅक्सने (कुदळीने) दोन ब्लॉक उंच सरळ बोगदा काढणं सगळ्यात सुरक्षित, पण सगळ्यात हळू. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: डायमंड पिकॅक्सवर एफिशियन्सी २ (खोदायचा वेग वाढवणारी जादू) असली की नेदररॅक, म्हणजे नेदरचा नेहमीचा लाल दगड, एका फटक्यात फुटतो. नेदररॅकसाठी एफिशियन्सी ५ च्या मागे धावायची गरज नाही. त्या लेव्हल्स अनब्रेकिंगवर (हत्यार जास्त टिकवणारी जादू) खर्च करा, कारण साध्या डायमंड पिकॅक्सचे १५६१ ब्लॉक म्हणजे जेमतेम ७८० ब्लॉक लांबीचा बोगदा. फॉर्च्यूनचा (खनिजातून जास्त माल देणारी जादू) डेब्रीवर काहीही परिणाम होत नाही.

बेडची पद्धत सुरुवातीला सर्वांत परवडते. नेदरमध्ये बेडवर झोपायला गेलं की तो फुटतो, आणि त्याच्या स्फोटाची ताकद ५ असते, टीएनटीची ४. बोगद्याच्या टोकाला बेड लांबच्या बाजूला ठेवायचा, आपल्या आणि बेडच्या मध्ये पायांच्या उंचीला एक कॉबलस्टोन लावायचा आणि त्यावरून बेडच्या पलीकडच्या टोकावर क्लिक करायचं. हा मधला ब्लॉक विसरला तर चांगलं चिलखतही वाचवत नाही. धूर ओसरला की आग फटका मारून विझवा, नेदररॅकवरची आग आपोआप विझत नाही. खड्ड्याच्या भिंतीत ज्वाळांच्या मागे एखादा तपकिरी, वरून वर्तुळं असलेला ब्लॉक तसाच उभा दिसतो. डेब्रीची स्फोटरोधकता १२०० असल्यामुळे तिला ओरखडाही येत नाही. तो ब्लॉक काढल्यावर आजूबाजूचे सगळे ब्लॉक, कोपऱ्यातले तिरकेसुद्धा, फोडून बघाच. गटातला दुसरा ब्लॉक बरेचदा तिरका चिकटलेला असतो.

बेडची अडचण जागेची. तो स्टॅक होत नाही, म्हणजे सामानाच्या एका घरात एकच मावतो. अन्न, पोशन, कॉबलस्टोन वगळून २५ बेड मावतात, त्यांना ७५ लोकर आणि ७५ फळ्या लागतात. एका बेडची तिन्ही लोकर एकाच रंगाची हवी, म्हणून पांढऱ्या मेंढ्याच पाळाव्यात.

क्रीपर फार्म (गनपावडर देणाऱ्या क्रीपर राक्षसांचा सापळा) उभं राहिलं की टीएनटीला तोड नाही. एका स्टॅकला (६४ टीएनटीला) ३२० गनपावडर आणि २५६ वाळू जाते, पण तो एका घरात मावतो. बोगदा आधी खोदून घ्या, दर पाचव्या ब्लॉकला एक टीएनटी ठेवा, शेवटचा पेटवा आणि मागे पळा. फ्यूज फक्त ४ सेकंदांचा असतो. बसाल्ट डेल्टात (नेदरमधला काळ्या-राखाडी दगडांचा प्रदेश) मात्र बेड आणि टीएनटी दोन्ही फिके पडतात. बसाल्ट आणि ब्लॅकस्टोन स्फोटाला नेदररॅकपेक्षा कितीतरी पटीने चिवट आहेत, तिथून बोगदा वळवून घ्यावा.

तिन्ही पद्धतींत खरा शत्रू लाव्हा. भिंतीत दडलेले कप्पे स्फोटाने उघडतात, नेदरमध्ये लाव्हा वेगाने पसरतो आणि पाणी तर ओतताच येत नाही. रेडस्टोन घातलेलं फायर रेझिस्टन्स पोशन ८ मिनिटं टिकतं. निदान दोन बाटल्या हॉटबारमध्ये (पडद्याच्या तळाच्या हाताशी असलेल्या घरांत) हव्यात, त्यातली एक प्यायल्याशिवाय पहिला स्फोट नको. दिलासा एवढाच की डेब्री लाव्हात पडली तरी जळत नाही, तरंगते.

हिशेब असा: डेब्री भाजून स्क्रॅप, ४ स्क्रॅप आणि ४ सोन्याच्या विटा मिळून एक नेदराइट इन्गट. ब्लास्ट फर्नेसमध्ये एक डेब्री ५ सेकंदांत होते, साध्या भट्टीत १०. चिलखताचे ४ आणि हत्यारांचे ५ नग म्हणजे ३६ डेब्री. मात्र १.२० पासून हिऱ्याच्या प्रत्येक नगाचं नेदराइट करायला एक अपग्रेड टेम्प्लेट (साचा) लागतं. पहिलं बॅस्टियनमधून (नेदरमधल्या पडक्या किल्ल्यातून) आणायचं, पुढच्या प्रत्येक प्रतीला ७ हिरे आणि एक नेदररॅक. नऊ नगांसाठी आठ प्रती, म्हणजे ५६ हिरे. इतके हिरे नसतील तर आधी चिलखत आणि पिकॅक्स करा, हो (खुरपं) या हत्याराला टेम्प्लेट शेवटी.