दहावीचा ‘स्टेट बोर्ड’ टॅब: मे ते जानेवारी वापरून

सांगलीच्या गणपती पेठेतल्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याने काल 350 रुपयांत मुलीच्या अभ्यासाच्या टॅबची चार्जिंगची पिन बदलून दिली, म्हणून हे लिहायला बसलोय. याच कामाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने ‘बोर्ड बदलावा लागेल’ म्हणत 6,200 चं एस्टिमेट पाठवलं होतं. वर पुण्याला पाठवायचा कुरियरखर्च आमच्याच माथी. वॉरंटी वर्षाची आहे म्हटलं तर उत्तर आलं, पिन ‘फिजिकल डॅमेज’मध्ये धरतात. रोज चार्ज करायच्या वस्तूची पिन झिजली तर ते डॅमेज कसं? 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली, तेव्हा कुठे कंपनीच्या साहेबांचा फोन आला. कुरियर फुकट करतो म्हणाले, पिनचे पैसे मात्र द्यावेच लागतील. इकडे मुलीची प्रिलिम आठवड्यावर. मग गेलो पेठेत. आता म्हणे वॉरंटी गेली. होती कुठे?

कंपनीचं नाव लिहीत नाही. मे महिन्यात छत्री-टेबल मांडून बसणारे सगळे एकाच माळेचे मणी. रॅम, स्क्रीन, पेन वगैरे तुम्हाला माहीतच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दहा इंची आहे, जड आहे, चालतो. 34,000 चं पॅकेज, हप्त्यावर.

आता मुद्द्याचं. डब्यावर छापलंय, ‘महाराष्ट्र स्टेट बोर्ड, संपूर्ण अभ्यासक्रम, सेमी इंग्लिश’. मुलगी सेमीलाच आहे, म्हणून घेतला. जुलैत ती म्हणाली, “पप्पा, यात फायनान्शियल प्लॅनिंगच नाहीये.” म्हणजे बीजगणितातला चौथा धडा, मराठी माध्यमात अर्थनियोजन. मी म्हटलं, नीट बघ, दुसऱ्या नावाने असेल. नव्हता. रेषीय समीकरणं आहेत, वर्गसमीकरणं आहेत, श्रेढी आहे, पुढे एकदम संभाव्यता. मधला धडा गायब.

कारण सरळ आहे. सीबीएसईच्या दहावीच्या गणितात हा धडा नाहीच. व्हिडिओ सगळे तिकडचे, फक्त धड्यांची नावं आणि क्रम आपल्या बोर्डाप्रमाणे लावलेत. एकदा हे कळल्यावर सगळीकडे तेच दिसायला लागलं. विज्ञान भाग 1 मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, तो त्यांच्याकडे नववीच्या फोल्डरमध्ये, कारण सीबीएसईला तो नववीत असतो. अवकाश मोहिमांचा धडा नाही. भूमितीत वर्तुळाच्या धड्याला स्पर्शिकेचे दोन व्हिडिओ आणि विषय संपला. आपल्याकडचं स्पर्शिका-छेदिका प्रमेय कुठेच नाही. भूगोलाच्या पुस्तकात अख्खं वर्ष भारत आणि ब्राझील, टॅबमध्ये ब्राझील औषधालाही नाही.

ब्राझीलचं सोडा, ते पाठ करता येतं. मला राग आला तो अर्थनियोजनाचा. घरची मंडळी म्हणतात, एका धड्यासाठी एवढं काय. पण मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. दिवसभर जीएसटीची बिलं करणाऱ्याच्या घरात 34,000 चा टॅब यावा आणि त्यात नेमका जीएसटीच नसावा? दहावीच्या पुस्तकात व्यवहाराला लागून असलेला हा एवढा एकच धडा: टॅक्स इन्व्हॉइस कसं वाचायचं, इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला कर) कसं वजा करायचं, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव यात फरक काय, दलाली कशी लागते. माझ्या मते त्रिकोणमितीपेक्षा याचा उपयोग जास्त. (गणिताच्या बाईंना हे पटणार नाही.)

शेवटी मीच शिकवला. अडतीवरचं एक जुनं बिल घेऊन बसलो, नाव-पत्ता झाकून. 15 अंकी-अक्षरी जीएसटी नंबर, सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र. एचएसएन, म्हणजे मालाचा कोड नंबर, 0910. वाळलेल्या हळदीला 5 टक्के, त्यातले अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. पुढे सप्टेंबरात नवीनच घोळ. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 चे टप्पे जवळपास गेले, पुस्तकातल्या गणितात मात्र तेच. मुलगी विचारते, कोणता दर धरायचा? गणितात दिला असेल तोच धर, बाजारात काय चाललंय ते पेपर तपासणारे विचारत नाहीत. तिच्या बाईंनीही तेच सांगितलं. टॅबच्या ‘शंका विचारा’मध्ये हाच प्रश्न टाकला होता. उत्तर आलं, ‘हा टॉपिक तुमच्या सिलॅबसमध्ये नाही.’

हे सगळं लिहून झाल्यावर मुलगी वाचून म्हणाली, लेन्सचं पण लिहा. ते खरंच लिहायला पाहिजे. बहिर्वक्र भिंगासमोर मेणबत्ती बोटाने सरकवायची, आणि किरणांची आकृती तिथल्या तिथे बदलते. नाभीच्या आत मेणबत्ती आणली की प्रतिमा पलीकडून उडून मेणबत्तीच्याच बाजूला, मोठी आणि सुलटी. मी स्वतः तासभर खेळत बसलो. आमच्या वेळी सहा आकृत्या घोकल्या होत्या, का ते तेव्हा कळलंच नव्हतं. भूमितीच्या रचनांचे व्हिडिओही चांगले: कंपासचं टोक कुठे रोवलं ते थांबवून बघता येतं, वर्गात सरांना कोण थांबवणार? आणि सगळं मेमरी कार्डावर, नेट लागत नाही. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होतं, तेव्हा सामान वरच्या माळ्यावर टाकून पोरीला मिरजेला आत्याकडे पाठवलं होतं. तिकडे तिने विज्ञानाचे तीन धडे टॅबवरच काढले. तेव्हा हप्ता जड वाटला नव्हता, हेही खरं.

म्हणून सुरुवातीला एक स्टार देणार होतो, आता अडीच देतो. लेन्स आणि रचनांचे दोन, ऑफलाईनचा अर्धा. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजतात त्याचे वजा करायला हवे होते. आवाज बंद करायची सोय नाही, रात्री अकराला शेजारच्या काकू विचारतात कार्यक्रम काय आहे.

आता बोर्ड दीड महिन्यावर. सध्या वापर असा: विज्ञान टॅबवर, भूमितीच्या रचना टॅबवर, बीजगणित आणि वर्तुळ पुस्तकातून. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवर फुकट उघडतात, पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत. हे सेल्समन सांगणार नाही. डेमोला जाताना पाठ्यपुस्तकं पिशवीत न्या आणि अनुक्रमणिका काढून एकेक धडा उघडायला लावा. सेल्समन मोबाईलवरचा ठरलेला व्हिडिओच दाखवायचा आग्रह धरतो. तो दहापैकी नऊ वेळा त्रिकोणांच्या समरूपतेचा असतो, कारण ती दोन्ही बोर्डांत आहे.

परवा आम्हाला टॅब विकलेल्या सेल्समनचा परत फोन, “साहेब, अकरावी-बारावीचं पॅकेज, जुन्या गिऱ्हाइकाला वीस टक्के सूट.” म्हटलं आधी या टॅबचं लॉक काढून द्या. कारण यात कंपनीच्या ॲपशिवाय दुसरं काहीच उघडत नाही. साधी पीडीएफसुद्धा नाही, म्हणजे बालभारतीचं पुस्तक यात वाचता येत नाही. तो म्हणाला कोर्सची मुदत संपली की लॉक निघतं, मुदत मार्च 2027. हप्ते या जूनमध्ये संपतात. पैसे फिटल्यावरही नऊ महिने वस्तू त्यांचीच, हे करारात कुठे लिहिलंय ते शोधतोय. कुणी लॉक आधी काढून घेतलं असेल तर कसं ते सांगा. धाकट्याला सातवीची पुस्तकं यावरच वाचायला द्यायचा विचार आहे.