केळशी की आंजर्ले?

दोन्ही गावं दापोली तालुक्यातली, दोन्ही नदीच्या मुखाशी वसलेली. आंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते, केळशीला भारजा. मधे पाडले, आडे, उटंबर असा किनाऱ्याचा रस्ता. रेल्वेने येणाऱ्यांना दोन्हींसाठी खेडलाच उतरावं लागतं.

घरातली वडीलधारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर आंजर्ले घ्या. कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचीही अडचण होत नाही. मूर्ती उजव्या सोंडेची. वरून माडांची बनं, खाडी आणि लांबवर सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णैचा मासळी लिलाव खाडीपलीकडे, पुलामुळे आता हाकेच्या अंतरावर. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसू शकतात. मात्र कोणत्या दिवशी बाहेर येतील हे ती पिल्लंच ठरवतात, तेव्हा दोन दिवस हाताशी ठेवा. आणि गाडी वाळूत अजिबात नेऊ नका, खाली अंडी असतात. पुलामुळे सुट्ट्यांत इथे वर्दळ होते, हेही खरंच.

निव्वळ शांतता हवी असेल तर माझं मत केळशीला. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधल्या, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतींमधल्या, अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि इतकी सावली की दुपारीही चालावंसं वाटतं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या झोपवल्या. पोफळ लावल्यावर हाती यायला वर्षं जातात, म्हणून गावकऱ्यांना हातभार लागेल असा मुक्काम गावातल्याच घरी करा, सुपारी-कोकम तिथूनच घ्या.

भारजेच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिचा अभ्यास केला, तिच्या थरांत जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. तिच्यावर चढू नका, ती ढासळते, खालून बघा. गावात महालक्ष्मीचं देऊळ, तिचा उत्सव चैत्रात. गर्दी नको असेल तर तेवढे दिवस टाळा. गाव उत्साहात बघायचं असेल तर मुद्दाम तेव्हाच जा, पण राहायची सोय आधी करून ठेवा. याकूबबाबांचा दर्गाही इथलाच. त्याला शिवाजी महाराजांनी इनाम दिल्याचं सांगतात.

केळशीत हॉटेलं, एटीएम यांच्या भरवशावर राहू नका. रोख पैसे जवळ ठेवा आणि जेवणाचं आदल्या दिवशी कळवा, म्हणजे उकडीचे मोदक किंवा ताजी मासळी मिळेल. दोन्हीकडे खाडीच्या मुखाशी पोहणं टाळा. ओहोटीला पाणी जोरात समुद्राकडे ओढतं. पोहायचंच असेल तर भरती-ओहोटीची वेळ आणि जागा गावातल्या कोळ्यांना विचारा.